गोव्यात पहिली छोटी गाडी घेताना: आकार, ॲव्हरेज आणि कागदपत्रे

नोकरीसाठी किंवा लग्न होऊन गोव्यात आलेला माणूस सहसा पहिले काही महिने स्कूटरवर काढतो. मग जूनचा पाऊस सुरू होतो, घरात लहान मूल किंवा गुडघे दुखणारी आई असते आणि गाडीचा विषय निघतो. विषय निघाला की सल्ले सुरू होतात. "थोडे पैसे घाल, पण मोठी घे" हा त्यातला नेहमीचा. माझे मत वेगळे आहे. गोव्यात राहणाऱ्या चौघांच्या घराला पावणेचार मीटरच्या आसपासची गाडी पुरते, आणि बहुतेक गावांत तीच जास्त सोयीची पडते. मात्र ती निवडताना, चालवताना आणि नावावर करताना काही गोष्टी आधी माहीत असाव्या लागतात. त्या ज्या क्रमाने कराव्या लागतात त्याच क्रमाने खाली दिल्या आहेत.

## १. आधी आपला आठवडा कागदावर मांडा

शोरूममध्ये जाण्याआधी एका आठवड्यात तुम्ही कुठेकुठे जाता ते लिहून काढा: कुठून कुठे, किती किलोमीटर, किती माणसे, किती सामान.

गोवा लहान आहे. उत्तर-दक्षिण लांबी साधारण १०५ किलोमीटर. पणजी ते म्हापसा १३ किलोमीटर, पणजी ते फोंडा किंवा वास्को तिसाच्या आसपास, पणजी ते मडगाव पस्तिसाच्या आत. म्हणजे बहुतेकांचे रोजचे जाणे-येणे २५ ते ७० किलोमीटरमध्ये बसते. त्यात बाजार, शाळा, देऊळ आणि दवाखाना अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या असतात. या छोट्या फेऱ्या वेगळ्या रंगाने लिहा. ॲव्हरेजचा खरा हिशेब त्यांच्यावरच ठरतो, ते पुढे येईल.

गोव्याबाहेरचे प्रवासही मोजा. महिन्यातून दोनदा चोर्ला घाटाने बेळगावला किंवा आंबोलीमार्गे कोल्हापूरला जायचे असेल तर तुमची गरज वेगळी. वर्षातून एकदा पुण्याला जाणाऱ्याने त्या एका प्रवासासाठी मोठी गाडी घेऊ नये. तेवढ्यासाठी रेल्वे आहे, बस आहे.

## २. गाडी घराच्या गेटमधून आत जाते का, ते मोजा

हे वाचून आश्चर्य वाटेल, पण गोव्यात लांबीपेक्षा रुंदी जास्त नडते. जुन्या वाड्यांतल्या वाटा दोन्ही बाजूंच्या चिऱ्यांच्या गडग्यांनी आवळलेल्या असतात. समोरून दुसरी गाडी आली की एकाला मागे जावेच लागते. मापाची टेप घ्या आणि गेट, वळण आणि गाडी उभी करायची जागा मोजा. आरसे उघडे धरून गाडीच्या रुंदीत तीसेक सेंटिमीटर वाढतात, तेही धरा.

काही लांब्या हाताशी ठेवा. ऑल्टो के१० ची लांबी ३.५३ मीटर आणि रुंदी १.४९ मीटर. एस-प्रेसो ३.५७, वॅगन आर ३.६६, सेलेरिओ ३.७०, क्विड ३.७३ आणि टियागो ३.७७ मीटर. वॅगन आरची रुंदी १.६२ मीटर आहे. ऑल्टोपेक्षा हा १३ सेंटिमीटरचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण पणजीतल्या फोंताईन्हासच्या गल्लीत तो जाणवतो. एमजीची कॉमेट ही बॅटरीवरची गाडी तर २.९७ मीटरचीच आहे. तिला दोनच दारे असल्यामुळे वयस्कर माणसाला मागे बसवणे जिकिरीचे होते.

छोट्या गाडीची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० चे मूळ जपानच्या 'केई' वर्गातल्या गाडीत होते. त्या वर्गाला जपानमध्ये आज ३.४० मीटर लांबी, १.४८ मीटर रुंदी आणि ६६० सीसी इंजिन अशी कायद्याने मर्यादा आहे. अरुंद गल्ल्या आणि थोडी जागा या अडचणीतून तो वर्ग घडला. आपल्या गावांतली अडचणही तीच आहे.

मापासोबत या तीन गोष्टी बघा:

- वळण. ऑल्टो के१० साडेचार मीटरच्या त्रिज्येत वळते. १८ जून रस्त्याला समांतर गल्ल्यांत किंवा म्हापशाला शुक्रवारच्या बाजारादिवशी याचे मोल कळते.
- डिकी. ऑल्टोत २१४ लिटर, क्विडमध्ये २७९, सेलेरिओत ३१३, वॅगन आरमध्ये ३४१. रोजच्या बाजाराला २१४ पुरतात. चवथीला माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या छताचे) सामान, नारळ आणि केळीचा घड आणायचा असेल तर मागची सीट पाडूनच भागेल.
- जमिनीपासूनची उंची. फेरीने चोडणला किंवा दिवाडीला जाणारे असाल तर हे नक्की बघा. ओहोटीला फेरीचा उतार तीव्र होतो आणि पुढून लांब, खाली झुकलेल्या गाडीचा बंपर घासतो. क्विड आणि एस-प्रेसो १८० मिलिमीटरच्या आसपास उंच आहेत, म्हणून त्यांना हा त्रास कमी.

सुरक्षिततेबद्दल मी आडपडदा ठेवणार नाही. ग्लोबल एनकॅप या गाड्यांची धडक-चाचणी करणाऱ्या संस्थेच्या २०२३ च्या चाचणीत प्रौढ प्रवाशांसाठी ऑल्टो के१० ला पाचपैकी दोन तारे आणि वॅगन आरला एक तारा मिळाला. टियागोला २०२० मध्ये चार मिळाले होते. त्यानंतर ऑल्टो के१० ला सहा एअरबॅग आल्या, पण गाडीचा सांगाडा भक्कम असणे ही एअरबॅगपेक्षा वेगळी गोष्ट आहे. रोज राष्ट्रीय महामार्ग ६६ वरून ट्रकांच्या संगतीने जायचे असेल तर चार पैसे जास्त घालून भक्कम गाडी घ्या. गावातल्या गावात चाळीसच्या वेगाने फिरणाऱ्याचा विचार वेगळा होऊ शकतो. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा, हे मात्र दोघांनाही लागू.

## ३. जाहिरातीतले ॲव्हरेज आणि हाती पडणारे ॲव्हरेज

ऑल्टो के१० च्या कागदावर लिटरला २४.३९ किलोमीटर लिहिलेले आहे. सेलेरिओच्या एका मॉडेलवर तर २६.६८. हे आकडे खोटे नाहीत. ते प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून, ठरलेल्या वेगांच्या तक्त्याप्रमाणे मोजलेले आहेत. त्या तक्त्यात ताशी ९० किलोमीटरच्या पुढे वेग जात नाही, चढ नसतो, पर्वरीची वाहतूक कोंडी नसते आणि मागच्या सीटवर पाहुणे नसतात.

एक लिटर इंजिनाच्या छोट्या गाडीकडून गोव्यात अशी अपेक्षा ठेवा: गावात आणि गर्दीत एसी लावून १५ ते १८, महामार्गावर ६० ते ८० च्या एकसारख्या वेगात २० ते २३. यापेक्षा फार जास्त मिळते असे कोणी सांगितले तर कसे मोजले ते विचारा.

ॲव्हरेज कुठे जाते ते समजून घेतले तर निम्मे काम होते.

थंड इंजिन. गाडी सुरू केल्यावर पहिले काही किलोमीटर इंजिन पुरते तापलेले नसते आणि जास्त पेट्रोल घेते. दोन किलोमीटरवर पाव आणायला गेलात, गाडी बंद केली, तासाभराने पुन्हा शाळेत गेलात, तर इंजिन तापायच्या आतच प्रत्येक फेरी संपते. अशा फेऱ्यांत २४ ची गाडी १२-१३ वर येऊ शकते. उपाय सोपा आहे. कामे एका फेरीत जोडा आणि सर्वांत लांबचे ठिकाण आधी करा.

एसी. मोठ्या इंजिनाला एसी फारसा जाणवत नाही, छोट्याला जाणवतो. मेमध्ये तो बंद ठेवा असे मी म्हणणार नाही, कारण गोव्याच्या दमटपणात ते शक्य नाही आणि पावसात काचेवरचे धुके घालवायलाही एसीच लागतो. पण उन्हात तापलेल्या गाडीची दारे मिनिटभर उघडी ठेवून मग एसी लावला तर त्याचे काम हलके होते.

उभी गाडी. एसी लावून उभ्या गाडीचे इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल पिते. मूल शाळेतून सुटेपर्यंत वीस मिनिटे इंजिन चालू ठेवणे म्हणजे तीन-चार किलोमीटरचे पेट्रोल धुरात घालवणे.

वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. पणजीच्या अटल सेतूवर ८० च्या वर जाऊन वाचतात काही सेकंद, आणि छोट्या इंजिनाचा आवाजच सांगतो की ते ओढाताणीत आहे.

इंधन. आता पंपावर मिळते ते २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. इथेनॉलमध्ये त्याच मापाच्या पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या मानाने लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा घटते. काकांच्या मारुती ८०० च्या आठवणीतल्या आकड्याशी आजच्या गाडीची तुलना म्हणूनच करू नये.

आता सर्वांत महत्त्वाचा हिशेब. महिन्याला १००० किलोमीटर चालणारी मोठी गाडी लिटरला १२ देत असेल तर ८३ लिटर लागतात, छोटी १७ देत असेल तर ५९. फरक २४ लिटर, वर्षाला जवळजवळ ३०० लिटर. पण १७ च्या जागी १८ देणारी गाडी घेतली तर महिन्याला वाचतात तीनच लिटर. म्हणून मोठ्या गाडीवरून छोट्या गाडीवर येण्यात खरी बचत आहे. दोन छोट्या गाड्यांमध्ये एका किलोमीटरच्या फरकासाठी डोके शिणवू नका. तिथे दारे, सीट, सुरक्षितता आणि जवळचे सर्व्हिस सेंटर बघून ठरवा.

## ४. पेट्रोल, सीएनजी की बॅटरी

गोव्यात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा लिटरमागे काही रुपयांनी स्वस्त असते. त्यामुळे पुण्या-मुंबईत जो सीएनजीचा हिशेब पटकन जमतो तो इथे जमायला वेळ लागतो. पद्धत अशी: पेट्रोलच्या आणि सीएनजीच्या गाडीच्या किमतीतला फरक काढा, त्याला किलोमीटरमागच्या बचतीने भागा. फरक ९० हजारांचा आणि बचत दोन रुपयांची धरली तर ४५ हजार किलोमीटरनंतर पैसे वसूल होतात. वर्षाला १० हजार चालवणाऱ्याला साडेचार वर्षे लागली. रोज काणकोणहून मडगावला किंवा पेडण्याहून पणजीला जाणाऱ्याला हे परवडेल, गावातल्या गावात फिरणाऱ्याला नाही. घेण्याआधी आपल्या रोजच्या वाटेवर सीएनजी पंप आहे का आणि संध्याकाळी तिथे रांग किती असते ते स्वतः जाऊन बघा. सिलिंडर दर तीन वर्षांनी तपासून घ्यावा लागतो आणि तो बहुतेक गाड्यांत डिकी खातो. टियागोत दोन छोटे सिलिंडर खाली बसवल्यामुळे सामानाला जागा उरते.

बॅटरीची छोटी गाडी मात्र गोव्याच्या अंतरांना चांगली बसते, हे मी मनापासून सांगेन. कॉमेटची बॅटरी १७ युनिटच्या आसपास, टियागो ईव्हीची १९.२ किंवा २४ युनिट. अशा हलक्या गाडीला १०० किलोमीटरला भिंतीतून साधारण १० ते १२ युनिट लागतात, आणि पणजी-मडगाव जाऊन-येऊन ७० किलोमीटरच होतात. थंड इंजिनाचा प्रश्न नाही, उभ्या गाडीत पेट्रोल जळत नाही. अट एकच, रात्री आपल्या जागेत चार्ज करता आले पाहिजे. भाड्याच्या घरात मालकाची परवानगी आणि सोसायटीत स्वतःच्या मीटरवरून लाईन, हे गाडी बुक करण्याआधी लेखी घ्या. जुन्या कौलारू घरात अर्थिंग नीट आहे की नाही ते परवानाधारक वायरमनकडून तपासा. १५ अँपिअरच्या सॉकेटला स्वतंत्र जाड वायर हवी, फ्रिजच्या लाईनवर गाडी लावू नका. पावसाळ्यात वीज रात्रभर जाऊ शकते. म्हणून जून ते सप्टेंबर बॅटरी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नये.

## ५. टेस्ट ड्राइव्ह चढावर घ्या

शोरूमवाला सपाट महामार्गावर नेतो. तुम्ही आल्तिनोचा चढ मागा, तोही एसी लावून आणि घरची चार माणसे बसवून. मध्येच थांबून पुन्हा उचला. एएमटी (क्लच पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी गाडी) घेणार असाल तर हे फारच गरजेचे आहे, कारण ब्रेकवरून पाय उचलताच काही गाड्या मागे सरकतात. चढावर एक्सलरेटर दाबून गाडी जागच्या जागी धरून ठेवायची सवय लावू नका, क्लच प्लेट जळते. हँडब्रेक वापरा.

## ६. जुनी गाडी घेत असाल तर

गोव्यातल्या जुन्या छोट्या गाड्यांत दोन सापळे मोठे आहेत.

पहिला भाड्याच्या गाड्यांचा. पर्यटकांना स्वतः चालवायला दिलेल्या गाडीची नंबरप्लेट काळी आणि अक्षरे पिवळी असतात. या गाड्या बहुधा छोट्याच असतात. दर आठवड्याला नवा चालक, अनोळखी रस्ते, वाळूत रुतणे आणि क्लचवर जोर, असे तिचे आयुष्य जाते. काही वर्षांनी ती खासगी करून पांढऱ्या प्लेटवर विकली जाते आणि प्लेट बघून काहीच कळत नाही. म्हणून सर्व्हिसचा पूर्ण इतिहास मागा आणि जुन्या विमा पॉलिसीवर गाडीचा वर्ग काय होता तो वाचा. आरसीवर आधीच्या मालकाच्या जागी भाड्याचा धंदा करणाऱ्याचे नाव आहे का तेही बघा. अजून काळ्या प्लेटवर असलेली गाडी कोणी देत असेल तर परवाना रद्द होऊन आरसी खासगी झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. त्या बदलाचा कर कोण भरणार तेही आधी ठरवा.

दुसरा गंजाचा. कांदोळी, कोलवा किंवा मोरजीला समुद्राजवळ उघड्यावर उभी राहिलेली गाडी वरून चकाचक आणि खालून पोखरलेली असू शकते. गॅरेजमध्ये रॅम्पवर चढवूनच बघा. दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी, स्टेपनीचा खड्डा, सायलेन्सर आणि पायाखालच्या चटईखालचा पत्रा बोटाने दाबून बघा. नवे काळे कोटिंग मारलेले असेल तर आतला पत्रा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. त्याच्या खालच्या भागावर चिखलाची रेघ किंवा कुबट वास असेल तर ती गाडी पाण्यात बुडालेली आहे, सोडून द्या.

एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाडीत इंधनाच्या रबरी नळ्या मेकॅनिककडून तपासून घ्या. आजच्या इथेनॉलच्या प्रमाणासाठी त्या बनवलेल्या असतीलच असे नाही.

## ७. एमएच किंवा केए नंबरची गाडी सोबत आणली असेल तर

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४७ प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. क्रम असा:

1. मूळ आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत घ्या. कर्ज असेल तर बँकेचे संमतिपत्र आधी लागते. थकलेली चलने भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.
2. गोव्यात तुम्ही राहता त्या भागाच्या कार्यालयात फॉर्म २७ द्या. म्हापसा, पणजी, फोंडा, वास्को, मडगाव, प्रत्येकाचे कार्यालय वेगळे आहे. भलत्याच ठिकाणी गेलात तर एक दिवस वाया.
3. गोव्याचा रस्ता कर भरा आणि गाडी तपासणीला न्या.
4. नवा नंबर मिळाला की उच्च सुरक्षा नंबरप्लेट, विमा आणि फास्टॅग तिन्हींवर बदल करा.
5. मग मूळ राज्यात भरलेल्या कराचा उरलेल्या वर्षांचा परतावा मागा. बरेच जण हे शेवटचे पाऊल विसरतात आणि हक्काचे पैसे सोडून देतात.

केंद्र किंवा राज्य सरकारच्या, संरक्षण दलाच्या किंवा चार वा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या कंपनीच्या नोकरीत असाल तर नव्या गाडीला २०२१ पासून सुरू झालेला, राज्य बदलले तरी न बदलणारा बीएच नंबर घेता येतो. बदली होत राहणाऱ्यांनी तोच घ्यावा.

## ८. फाइलमध्ये काय हवे

- आधार, पॅन आणि गोव्यातल्या पत्त्याचा पुरावा. भाड्याचे घर असेल तर नोंदवलेला करार.
- मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी.
- नवी गाडी: फॉर्म २०, बिल, विक्री प्रमाणपत्र.
- जुनी गाडी: फॉर्म २९ आणि ३०, दोघांच्या सह्यांचे. कर्ज फिटलेले असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र.
- चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा.
- पासपोर्ट आकाराचे फोटो आणि प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स.

जुन्या गाडीचा विमा खरेदीनंतर १४ दिवसांत आपल्या नावावर करा. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्यासोबत जातो.

## ९. गाडी हातात आल्यावर

टायरची हवा महिन्यातून दोनदा, टायर थंड असताना भरा. आकडा चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. पंपावरचा मुलगा सगळ्यांना एकच आकडा भरतो, त्याला आपला सांगा.

घाट उतरताना गाडी न्यूट्रल करू नका. गिअरमध्ये असताना एक्सलरेटर सोडला की इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल जवळजवळ बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन फिरते ठेवायला ते जळतच राहते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. अनमोड किंवा चोर्ला उतरताना ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरने उतरा. चढताना लोड येऊ लागला की चौथ्यात रेटण्यापेक्षा तिसरा टाका.

मेच्या अखेरीस खालून कोटिंग, वायपर आणि बॅटरी बघून घ्या. पावसाळा संपल्यावर खालचा चिखल पाण्याच्या दाबाने धुवा, आणि समुद्राजवळ राहत असाल तर हे वर्षभर अधूनमधून करा.

ॲव्हरेज मोजायचे असेल तर डॅशबोर्डवरचा आकडा पुरेसा नाही. टाकी फुल्ल करा, नोझल आपोआप बंद पडले की थांबा, ट्रिप मीटर शून्यावर आणा. ऑल्टोची टाकी २७ लिटरची आहे, म्हणून २० लिटरच्या आसपास संपेपर्यंत चालवा, मग त्याच पंपावर, त्याच मशिनवर पुन्हा नोझल बंद पडेपर्यंत भरा. किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागा. असे लागोपाठ तीन टाक्यांचे आकडे घेऊन सरासरी काढा. पहिल्या सर्व्हिसच्या आधी आलेला आकडा धरू नका, नवे इंजिन तोपर्यंत बसलेले नसते. आकडा अचानक दोन-तीन किलोमीटरने घसरला तर आधी टायरची हवा, मग एअर फिल्टर आणि मग चाक ब्रेकला घासते आहे का, या क्रमाने बघा. यात कारण सापडले नाही तरच गाडी सर्व्हिस सेंटरला न्या.